'हो' म्हणणाऱ्या माणसांविषयीची पुस्तके

नोकरीनिमित्त परक्या देशांतील, परक्या रीतीभातींच्या माणसांशी व्यवहार करताना कसे बोलावे, कसे ऐकावे आणि समोरच्याच्या मौनाचा अर्थ कसा लावावा, याचे एक शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत उभे राहिले आहे. 'आंतरसांस्कृतिक संवादकौशल्य' असे काहीसे अवजड नाव त्याला मिळाले आहे. नावाला बिचकण्याचे कारण नाही. आखातात वेल्डिंगचे काम करणारा मुलगा, मालवाहू जहाजावरचा खलाशी, प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात राबणारा आचारी, परदेशी रुग्णालयातील परिचारिका, हिंजवडीत किंवा ऐरोलीत बसून अमेरिकेतील ग्राहकाचे काम उरकणारी मुलगी, यांपैकी एकही माणूस ज्या घरात वा नात्यागोत्यात नाही अशी घरे आपल्या धर्मग्रामांत शोधूनच काढावी लागतील. यांतल्या अनेकांना कधी ना कधी एखाद्या प्रशिक्षण-शिबिरात बसवले जाते, आणि तिथे जे सांगितले जाते त्याचा उगम बहुधा तीन-चार पुस्तकांत असतो. त्या पुस्तकांचा परामर्श घ्यावा, हा या लेखाचा हेतू आहे.

वाङ्मयाला वाहिलेल्या त्रैमासिकाने व्यवस्थापनाची पुस्तके का हाती घ्यावीत, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, या पुस्तकांत एक पात्र वारंवार येते आणि ते पात्र म्हणजे आपण आहोत. 'भारतीय कर्मचारी' हे त्याचे नाव. तो 'नाही' म्हणत नाही. मान अशी हलवतो की होकार की नकार ते कळत नाही. वरिष्ठासमोर गप्प राहतो आणि दिलेली तारीख पाळत नाही. कादंबरीत असे पात्र भेटले असते तर समीक्षकाने पहिला प्रश्न हाच केला असता की, हा माणूस असा वागतो ते कशामुळे? लेखकाने त्याच्या वागण्याला कारण दिले आहे, की केवळ लकबी चिकटवल्या आहेत? तोच निकष आम्ही इथे लावणार आहोत.

या शास्त्राचा आद्य ग्रंथ म्हणजे एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाचा 'द सायलेंट लँग्वेज'. तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. हॉल यांची घडण ग्रंथालयात झाली नाही, ही गोष्ट आम्हांला महत्त्वाची वाटते. १९३० च्या दशकात, ऐन तारुण्यात, नवाहो आणि होपी या मूळ अमेरिकन जमातींच्या राखीव प्रदेशात बंधारे व रस्ते बांधणाऱ्या मजुरांबरोबर त्यांनी काम केले. काम ठरलेल्या तारखेला संपलेच पाहिजे ही सरकारी साहेबांची समजूत, आणि प्रत्येक कामाला त्याचा स्वतःचा काळ असतो ही होपींची समजूत. या दोहोंच्या मध्ये उभे राहून त्यांनी जे पाहिले त्यातून पुढे त्यांचा सिद्धान्त आकाराला आला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण-संस्थेत परदेशी जाणाऱ्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याचे काम त्यांच्याकडे आले. व्याकरण शिकवून भागत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. माणूस किती अंतरावर उभा राहतो, भेटीला किती वेळ ताटकळत ठेवतो, मुद्द्यावर येण्याआधी किती घटका इकडचे तिकडचे बोलतो, हीसुद्धा भाषाच आहे आणि ती कुठल्याच शाळेत शिकवली जात नाही, हे या ग्रंथाचे सार होय.

हॉल यांचा मोठेपणा आम्हांला कशात दिसतो? त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम आपल्याच देशबांधवांना ठेवले. परदेशात अमेरिकन माणूस अप्रिय का होतो, हा त्यांचा मूळ प्रश्न. अरब व्यापारी अगदी जवळ येऊन बोलतो आणि अमेरिकन मागे सरकतो, यात नवल अरबाच्या पुढे येण्याचे जितके तितकेच अमेरिकनाच्या मागे सरण्याचे, हे त्यांनी दाखवले. आपली रीत ही रीत नसून जगाचा स्वभावच आहे असे वाटणे, या सार्वत्रिक भ्रमावर त्यांनी बोट ठेवले. हे त्या काळी, त्या खात्यात बसून लिहिणे सोपे नव्हते.

त्यांच्या विचाराची कसोटी आपण आपल्या बोलण्यावर घेऊन पाहू. निरोप घेताना मराठी माणूस 'येतो' म्हणतो. शब्दशः अर्थ घेणारा परका बिचारा दाराशी वाट पाहत राहील. 'बघू' हा शब्द होकार आणि नकार यांच्या मधला नाही. बहुतेक वेळा तो सभ्य नकारच असतो, आणि ऐकणाऱ्या मराठी माणसाला तो तसाच कळतो. दूरध्वनीवर आपण 'हो, हो' म्हणत राहतो तेव्हा 'मला पटले' असे म्हणत नसतो. 'मी ऐकतो आहे, पुढे बोला' एवढेच सांगत असतो. तिकडचा ग्राहक मात्र प्रत्येक 'हो' हा करारावरची सही समजून टिपून घेतो, आणि आठवड्याने 'तुम्ही तर मान्य केले होते' असे पत्र येते. हॉल यांनी पुढे १९७६ मधील 'बियाँड कल्चर' या ग्रंथात यासाठी एक जोडी वापरली. काही समाजांत बराचसा अर्थ प्रसंगात, नात्यात आणि सुरात असतो, शब्दांत थोडा. त्यांना संदर्भबहुल म्हणू. काहींत सारे शब्दांतच मांडावे लागते, ते संदर्भविरल. जपानी व अरब पहिल्या टोकाला, जर्मनभाषी स्विस दुसऱ्या टोकाला. इथेच आमच्या मते एक घसरण सुरू झाली. जोपर्यंत हॉल निरीक्षण सांगत होते तोपर्यंत माणसे दिसत होती. शिडी मांडताच त्यांच्या जागी पायऱ्या दिसू लागल्या.

ही शिडी आकड्यांनी मढवण्याचे काम गेर्ट हॉफस्टेड या डच विद्वानाने केले. ते मूळचे अभियंते. आयबीएम कंपनीच्या युरोपातील विभागात असताना, १९६७ ते १९७३ या काळात, त्या कंपनीच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या सुमारे १,१६,००० प्रश्नावल्या त्यांच्या हाती आल्या. त्यांवरून १९८० मध्ये 'कल्चर्स कॉन्सिक्वेन्सेस' हा ग्रंथ सिद्ध झाला. गंमत अशी की ग्रंथात कंपनीला 'हर्मीस' असे टोपणनाव दिले आहे. हर्मीस हा ग्रीकांचा निरोप्या देव आणि व्यापाऱ्यांचाही! चाळीस देशांना चार मापांवर गुण देण्यात आले. त्यांतले सर्वांत गाजलेले माप म्हणजे अधिकारातील अंतर: वरिष्ठ व कनिष्ठ यांच्यातील दरी कनिष्ठाने किती स्वाभाविक मानली आहे त्याचे मोजमाप. नेदरलंड्स ३८, अमेरिका ४०, कोलंबिया ६७, भारत ७७. शिबिरात पडद्यावर हा तक्ता झळकला की प्रशिक्षणार्थी तो उतरवून घेतात, आणि आपण जन्मतःच वाकलेले आहोत असे प्रमाणपत्र घेऊन घरी येतात.

ग्रंथ परिश्रमाचा आहे, यात शंका नाही. देशाचा आकडा एका व्यक्तीला लावू नये, असा इशाराही हॉफस्टेड यांनी दिलेला आहे. तो शिबिरात बहुधा वगळला जातो. पण दोष वापरणाऱ्यांपुरताच आहे असे आम्ही मानत नाही. एकाच कंपनीच्या नोकरांवरून देशाचा स्वभाव ठरवता येतो का? ब्रेंडन मॅकस्वीनी यांनी २००२ मध्ये या ग्रंथाची झडती घेतली, तेव्हा त्यांनी दाखवून दिले की पाकिस्तानातून पहिल्या फेरीत अवघे ३७ जण उत्तरे देणारे होते. सदतीस माणसांच्या टाचणांवर एका राष्ट्राचे चित्र! भारताच्या बाबतीतही ज्यांनी उत्तरे दिली ते मोठ्या शहरांतील, इंग्रजी जाणणारे, परदेशी कंपनीत चिकटलेले मूठभर पांढरपेशे. त्या कंपनीने १९७८ मध्ये भारतातून काढता पायही घेतला. त्यांचे उत्तर बंदरावरच्या कोळणीला, अकोल्याच्या शेतकऱ्याला, मद्रासच्या प्राध्यापकाला लागू करायचे कसे? ज्याने बंदरावर म्हावऱ्याचा भाव ठरताना पाहिला आहे, तो 'भारतीय माणूस वरच्यापुढे बोलत नाही' हे विधान ऐकून हसल्यावाचून राहणार नाही. तीच बाई बँकेच्या व्यवस्थापकापुढे गप्प बसते. तेव्हा माप कोणाचे घ्यायचे, तिचे की त्या खुर्चीचे?

हा प्रश्न वरवरचा नाही. याच आकड्यांच्या आधारे माल्कम ग्लॅडवेल या लोकप्रिय लेखकाने 'आउटलायर्स' या २००८ च्या पुस्तकात विमान-अपघातांची एक वांशिक उपपत्ती मांडली. शिबिरांतून तिचा दाखला हटकून दिला जातो, म्हणून तिची छाननी सविस्तर करणे भाग आहे. २५ जानेवारी १९९० रोजी आव्हियांका या कोलंबियन कंपनीचे विमान बोगोटाहून निघून मेडेलिनमार्गे न्यूयॉर्कला येत होते. हवामान खराब, विमानांची दाटी. नियंत्रकांनी ते आकाशात तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून अधिक काळ घिरट्या घालत ठेवले. इंधन संपत आले. सहवैमानिकाने ते नियंत्रकांना सांगितलेही, पण दिलेली दिशा मान्य केल्याच्या ओघात, एखादी पुरवणी जोडावी तसे. 'आणीबाणी' हा शब्द त्याने उच्चारला नाही. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसल्यावर विमानाला पुन्हा दूरचा फेरा दिला गेला, 'चालेल ना?' असे विचारताच सहवैमानिकाने सौम्यपणे होकार दिला आणि आभारही मानले. काही मिनिटांत चारी इंजिने बंद पडून विमान लाँग आयलंडवर कोसळले. १५८ पैकी ७३ माणसे दगावली.

ग्लॅडवेल यांचा अन्वयार्थ असा: कोलंबियाचा आकडा मोठा, म्हणून सहवैमानिक दबून बोलला, न्यूयॉर्कचे नियंत्रक दमदाटीने बोलणारे, म्हणून तो अधिकच दबला. कथा म्हणून ही रचना बिनतोड आहे. परंतु अमेरिकेच्याच वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल पाहिला तर चित्र इतके एकरंगी राहत नाही. वैमानिकांनी इंधनाचे नियोजन नीट केले नाही आणि आणीबाणी कळवली नाही, हे मुख्य कारण अहवालात आहेच. पण हातभार लावणाऱ्या कारणांत विमानांच्या गर्दीचे अपुरे नियोजन आहे, आणि इंधन कमी पडल्याचे कळवण्यासाठी वैमानिक व नियंत्रक या दोघांना सारखेच कळतील असे ठरीव शब्दच नव्हते, हेही आहे. वैमानिकांनी 'प्राधान्य' मागितले होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे हा शब्द पुरेसा निकडीचा होता. नियंत्रकाच्या कोशात त्याला तेवढे वजन नव्हते. म्हणजे दोन माणसांच्या मध्ये एक शब्द पडला होता आणि तो उचलण्याची जबाबदारी दोघांचीही होती. सांस्कृतिक उपपत्तीने ती संपूर्ण एकाच्या, तीही मृताच्या, माथी मारली.

आता याच्या शेजारी दुसरा अपघात ठेवून पाहू. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफच्या विमानतळावर, दाट धुक्यात, केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन अवाढव्य विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे मेली. विमान-वाहतुकीच्या इतिहासात अपघाताने याहून अधिक बळी घेतलेले नाहीत. केएलएमच्या कप्तानाने उड्डाणाची परवानगी नसताना विमान सोडले होते. समोरचे विमान पट्टीवरून गेले आहे की नाही, अशी शंका त्याच्या विमान-अभियंत्याने विचारलीही. कप्तानाने ठासून 'गेले आहे' म्हटले आणि शंका तिथेच विझली. कप्तान कंपनीतला ज्येष्ठ प्रशिक्षक. शेजारच्या सहवैमानिकाची या विमानासाठीची परीक्षा काही आठवड्यांपूर्वी त्यानेच घेतली होती. हे सारे डच. हॉफस्टेड यांच्या तक्त्यात अधिकारातील अंतर ज्यांच्यात अमेरिकनांपेक्षाही कमी, तेच हे लोक, हॉफस्टेड यांचे देशबांधव. अडतीस गुणांचा समाज खुर्चीपुढे सदुसष्ट गुणांच्या समाजासारखाच गप्प बसला. कोलंबियन सहवैमानिक गप्प राहिला तर ती संस्कृती. डच अभियंता गप्प राहिला तर ती परिस्थिती. अशी दुहेरी तागडी समीक्षेने तरी चालवून घेऊ नये.

विमान-वाहतुकीने स्वतः या दुर्घटनांतून काय धडा घेतला, हे पाहिले तर आमचे म्हणणे स्पष्ट होईल. तेनेरिफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, एरवी नाही, असा दंडक पडला. दिलेली सूचना ऐकणाऱ्याने तशीच उलट म्हणून दाखवायची, यावर भर आला. १९७९ पासून विमानातील सर्व सहकाऱ्यांच्या एकत्रित प्रशिक्षणाचा विचार सुरू झाला. कनिष्ठाने शंका कशी मांडावी हे त्यात शिकवले जाते, आणि वरिष्ठाने ती कशी मागून घ्यावी हेही शिकवले जाते. २०१२ मध्ये इंधनटंचाईच्या दोन अवस्थांसाठी दोन ठरीव घोषणा आंतरराष्ट्रीय नियमांत दाखल झाल्या. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनीही ठरीव शब्दच वापरावेत आणि परभाषकाला समजेल असे बोलावे, अशी अपेक्षा आता तिथे आहे. जहाजांच्या बाबतीतही २००१ मध्ये असाच प्रमाणित वाक्यसंग्रह स्वीकारला गेला. आपल्यातील दर्यावर्दी कुटुंबांना तो परिचित असेल. जिथे प्राणाशी गाठ होती तिथे राष्ट्रस्वभावाचे तक्ते फार उपयोगी पडले नाहीत. दोन्ही बाजूंनी आपले बोलणे बदलले तेव्हा काम झाले.

कार्यालयांच्या जगात मात्र तक्त्यांचाच अंमल आहे. एरिन मेयर यांचे 'द कल्चर मॅप' हे २०१४ चे पुस्तक आज सर्वाधिक हाताळले जाते. फ्रान्समधील एका व्यवस्थापन-विद्यालयात शिकवणाऱ्या या अमेरिकन विदुषींची लेखणी प्रसन्न आहे. आठ पट्ट्यांवर त्यांनी देश मांडले आहेत. त्यांचा एक विचार आम्हांला खरोखर मोलाचा वाटतो. देशाचे स्थान स्वयंभू नसते, ते समोरच्याच्या स्थानावरून ठरते, असे त्या म्हणतात. फ्रेंच माणूस अमेरिकनाला अस्पष्ट वाटेल, जपान्याला उघडावाघडा. हॉल यांच्या दृष्टीचा धागा इथे पुन्हा सापडतो. तरी पुस्तक मिटल्यावर जाणवते की प्रसंगांचा नायक बहुधा हुद्द्यावरचा माणूस आहे. त्याची अडचण, त्याचा उलगडा, त्याची सफलता. हाताखालच्यांना या व्यवस्थापकाविषयी काय वाटले, ते त्यांनी कोणापाशी बोलून दाखवले, त्याचा शोध पुस्तकाच्या कक्षेत फारसा येत नाही. व्यवस्थापकासाठी लिहिलेले पुस्तक आहे, हे खरे. पण मग ते कनिष्ठाला वाचायला देऊन 'आता तू सुधार' म्हणणे न्याय्य कसे?

त्या शोधासाठी वेगळ्या पुस्तकाकडे वळावे लागते. ए. अनीश या समाजशास्त्रज्ञांचे 'न्यूट्रल ॲक्सेंट' २०१५ मध्ये आले. गुडगावच्या एका कॉल सेंटरमध्ये स्वतः नोकरी करून त्यांनी ते लिहिले आहे. शीर्षकातच त्यांचा मुद्दा आहे. रात्रपाळीच्या मुलांना 'तटस्थ उच्चार' शिकवला जातो. पण तटस्थ म्हणजे कोणता? जगाच्या पाठीवर कोणीही जन्मतः तसे बोलत नाही. बोलण्यातून प्रांत, घर, शाळा यांच्या खुणा पुसून काढणे, एवढाच त्याचा अर्थ. तिकडच्या ग्राहकाला मात्र आपला उच्चार किंचित सावकाश, किंचित स्पष्ट करावा असे कोणी शिकवत नाही. त्या काळात कित्येक ठिकाणी मुलांना नावेही परकी घ्यावी लागत. आपल्यातील ज्या मुलांची नावे मुळातच पीटर किंवा सँड्रा होती त्यांची एवढी एक सोय झाली असेल. पण ती दिवसा झोपत आणि घरच्यांशी गाठ पडत नसे, ती पडतच नसे. अनीश यांची भाषा मधूनच क्लिष्ट होते, सिद्धान्ताचा सोस आहे. तरीही माणूस गप्प का आहे याचे कारण शोधणारे हेच पुस्तक आम्हांला साहित्याच्या सर्वांत जवळचे वाटले.

कोणी कोणाची भाषा शिकायची, हा वाद आपल्या किनाऱ्याला नवा नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने साष्टीच्या लोकांत राहून त्यांची बोली आत्मसात केली आणि १६१६ मध्ये मराठीत 'क्रिस्तपुराण' छापून दिले. त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरला छापले गेले. सत्तेच्या बाजूचा माणूस इथे विद्यार्थी होऊन बसला. आणि त्याच गोव्यात १६८४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली टाकून पोर्तुगीज बोलू लागावे. हुकूम फसला, कोकणी राहिली. आजच्या शिबिरांतली रीत या दोहोंपैकी कोणत्या वळणावर जाते, हे वाचकांनीच पाहावे.

तर मग हे कौशल्य खोटे आहे का? मुळीच नाही. 'समजले का?' असे विचारल्यास 'हो' येणारच. 'आता पहिल्यांदा काय कराल ते सांगा' असे विचारल्यास खरे उत्तर येते. 'लवकर' म्हणण्याऐवजी वार आणि वेळ बोलावी. सभेत सर्वांसमोर जे बोलवत नाही ते सभेनंतर दोघांत विचारावे. 'हे जमणार नाही' असे म्हणणाऱ्याला पहिल्या खेपेस दंड होऊ नये. या साध्या गोष्टी मुलांनी जरूर शिकाव्यात. आमचा आक्षेप इतकाच की यांतल्या जवळपास सर्व गोष्टी वरच्या खुर्चीतल्या माणसाने करण्याच्या आहेत, आणि शिबिरात बसवले जाते ते खालच्या खुर्चीतल्याला.

आणि वरची खुर्ची नेहमी साता समुद्रांपलीकडेच असते असेही नव्हे. वसईच्या पूर्वेला वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत, आपल्या बांधकामांवर, आपल्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत उत्तर प्रदेश, बिहार, नेपाळ येथील माणसे राबतात. त्यांच्याविषयी आपल्यात काय बोलले जाते? 'तोंडावर हो म्हणतात आणि करत काहीच नाहीत.' आखातातला साहेब आपल्या मुलाविषयी जे म्हणतो तेच वाक्य, तोच त्रासिक सूर. हिंदीत दिलेली अर्धी सूचना, मधेच मराठी शिवी, वर यंत्राचा आवाज. मग त्या मुलाने हो म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? ज्या घरात बोली वेगळी, शाळेतली मराठी वेगळी आणि नोकरीतली इंग्रजी वेगळी, त्या घराला तरी ही कोंडी ओळखीची असायला हवी.

मराठीला एक सोय आहे, ती इंग्रजीला नाही. ऐकणाऱ्याला वगळून बोलायचे तर 'आम्ही', त्याला धरून बोलायचे तर 'आपण'. परदेशी साहेबाच्या पत्रात एकच 'वुई' असतो. हे काम 'आम्ही' करणार की 'आपण' करणार, हे आपल्या मुलीला अंदाजाने ठरवावे लागते आणि पुष्कळदा रात्री जागून तिलाच करावे लागते. वरील पुस्तकांच्या लेखकांपैकी कोणाला मराठी येत असती तर या दोन शब्दांवर एक स्वतंत्र प्रकरण झाले असते. अर्थात आपला मुकादमही ठेक्यावरच्या मजुराला 'आपण हे संध्याकाळपर्यंत उरकून टाकू' असेच सांगतो, आणि सांगून झाल्यावर चहाला जातो.